एफसी पुणे सिटीची जुनी जर्सी सापडली, आता सपोर्ट नक्की कोणाला करायचा?

केशरी_बालेवाडी

रविवारी कपाट आवरत होतो, म्हणजे आवरायला लावलं होतं, आणि तळाशी जुनी केशरी जर्सी सापडली. एफसी पुणे सिटी, २०१७-१८ चा सीझन, पाठीवर खेळाडूचं नाव, मार्सेलिन्हो. नावातला शेवटचा ओ गळून पडलाय, बाकीची अक्षरं कडेने उचकटायला लागलीयेत, पण रंग अजून तसाच भडक आहे. आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी लगेच अंगात घातली, गुडघ्याच्या खाली आली, आणि विचारलं बाबा ही कुठली टीम. म्हटलं आपली, पुण्याची. मग पुढचा प्रश्न, आता कुठे खेळते? इथे माझी बोलती बंद.

कारण खरं उत्तर द्यायचं तर असं की २०१४ ला आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा टीम आली, मालकांत हृतिक रोशन, पहिल्याच वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे खेळून गेला, पाच सीझन झाले आणि २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. लीगमधली ती जागा हैदराबादला गेली. नवे मालक, नवं नाव, पिवळी जर्सी. पण कोच फिल ब्राउन तोच, मार्सेलिन्हो तोच, आदिल खान, निखिल पुजारी, आशिष राय सगळे तेच. म्हणजे पाटी बदलली पण आत भांडीकुंडी आमचीच. त्या हैदराबादने पुढे २०२२ मध्ये कप उचलला. आणि आता २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती टीम पण उचलून दिल्लीला नेली, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सरकारी नोकरीत पण एवढ्या बदल्या होत नाहीत.

तर हसू नका, पण प्रश्न असा आहे की २०२२ चा तो कप निदान चार आणे तरी आपला धरायचा का नाही? आणि पोराने आता कोणाच्या नावाने ओरडायचं? मी स्वतः २०१८ ची सेमीफायनल बालेवाडीत बघितलीये, बेंगळुरूविरुद्ध ०-०, मधे तो अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक असल्यामुळे खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे पण घसा बसला होता ओरडून. मग चार दिवसांनी तिकडे त्यांच्या छेत्रीने हॅटट्रिक मारली आणि संपलं. ते सगळं आता कोणाच्या खात्यात जमा आहे?

गहुंजे_टोलनाका

तुमचं बरंय हो, तुमची टीम पाच वर्षं तरी होती. आम्ही क्रिकेटवाल्यांनी पुण्याच्या नावाने दोन संसार मांडले आणि दोन्ही मोडले. पहिली पुणे वॉरियर्स, २०११ ते २०१३, पहिल्या वर्षी गहुंजेचं ग्राउंडच तयार नव्हतं म्हणून ‘पुणे’ नवी मुंबईत डीवाय पाटीलला खेळायचं. तीन वर्षांत युवराज झाला, गांगुली झाला, मॅथ्यूज झाला, टीम मात्र तळातून वर काही आली नाही.

मग २०१६ ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स. ही तर मुळातच दोन वर्षांच्या करारावरची, चेन्नई आणि राजस्थान बंदीवर होते म्हणून आणलेली. पीजी ठेवतात तशी. त्यात पहिल्याच वर्षी दुष्काळ, कोर्टाने सांगितलं ३० एप्रिलनंतर महाराष्ट्रात मॅच नको, पीचला पाणी मारायचं का लोकांना प्यायला द्यायचं, बरोबरच होतं ते. आमची टीम विशाखापट्टणमला. जर्सीवर पुणे आणि समोर समुद्र. पुढच्या वर्षी सुपरजायंट्समधला शेवटचा स काढून टाकला, धोनीची कॅप्टनशिप काढली, स्मिथला दिली, आणि कमाल म्हणजे फायनलला गेलो. मुंबईच्या १२९. आमच्या १२८. एका रनने. शेवटच्या ओव्हरला ११ हवे होते आणि तिवारीने पहिल्याच बॉलला फोर मारली तेव्हा मी सोफ्यावरून उठलो तो मॅच संपेपर्यंत बसलोच नाही, नंतर पण बराच वेळ उभाच होतो, बायको म्हणाली अहो आता दिवा मालवा.

आणि आता खरी गंमत ऐका. मालकांनी २०२१ ला लखनऊची टीम घेतली, नाव काय, सुपर जायंट्स. साउथ आफ्रिकेत टीम घेतली, डर्बन्स सुपर जायंट्स. कोलकात्याच्या मोहन बागान फुटबॉल क्लबच्या नावामागे सुपर जायंट. आता इंग्लंडमधली मँचेस्टरची पण सुपर जायंट्स. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, इथे आडनाव पक्कं आहे आणि गाव बदलत राहतं. तर केशरीभाऊ, तुमच्या हिशेबाने मी आता मँचेस्टरला सपोर्ट करायचा का?

जामठा_रिटर्न

हे काहीच नाही बे. २०१० मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सच्या होम मॅचेस हैदराबादेत घेता येत नव्हत्या तर त्या नागपूर, नवी मुंबई अन् कटकला वाटून टाकल्या. आदल्या वर्षीची आयपीएल चॅम्पियन टीम अन् आम्ही जामठ्यात घरमालक. गिलख्रिस्ट आमच्या गावात ‘होम’ मॅच खेळून रायला. सगळे पब्लिक एका दिवसात डेक्कनचे फॅन झाले होते अन् दुसऱ्या दिवशी विसरले. २०१२ ला ती टीमच बंद. तिकीट जपून ठेवलंय मी, कोणत्या टीमच्या इतिहासात डकवू सांगा.

हिशेब_वही

कटू बोलतो, राग मानू नका. ‘आपली टीम’ वगैरे ठीक आहे पण बालेवाडीला तुम्ही किती मॅचेस तिकीट काढून बघितल्या? माझ्या ऑफिसात पासचे गठ्ठे यायचे, कोणी नेत नसे, शेवटी हाउसकीपिंगच्या पोरांना देऊन टाकायचे. फ्रँचायझी म्हणजे कोपऱ्यावरचं अमृततुल्य नव्हे की मालक गल्ल्यावर बसलाय आणि उधारी वहीत मांडतोय. ते लायसन्स आहे. ज्याच्याकडे लायसन्स तो ठरवणार दुकान कुठे लावायचं. दर वर्षी लीगला फी भरा, परदेशी खेळाडूंचे पगार द्या, ग्राउंडचं भाडं द्या, आणि गेटवर येणार काय तर पासवाले.

आणि पुण्याचं रेकॉर्ड बघा. पुणे एफसी २००७ ला आली, चांगली टीम होती, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे आयएसएलच्या आधीपासूनच्या देशाच्या लीगमध्ये, दुसरी आली, गोव्याच्या चर्चिलच्या मागे. बंद पडली. भारत एफसी, एक सीझन. बंद. डीएसके शिवाजियन्स, दोन सीझन. बंद. मग तुमची केशरी. एवढी दुकानं एकाच बाजारात बसली तर दुकानदाराला नावं ठेवण्याआधी बाजाराकडे पण बघावं. पुणे एफसी गेली तेव्हा किती जण रडले? मी तर म्हणतो खरा अन्याय तिच्यावर झाला, तिची अ‍ॅकॅडमी तुमच्या पुणे सिटीनेच घेतली आणि जुनं नाव कोणी काढलं पण नाही. तेव्हा तुम्हीच हैदराबाद होतात.

केशरी_बालेवाडी

@हिशेब_वही शेवटचं वाक्य लागलं. खरंय. पुणे एफसीच्या मॅचला मी दोनदा गेलोय आणि ती बंद झाली तेव्हा मला दोन महिन्यांनी कळलं. आणि पासचं पण कबूल करतो, निम्म्या मॅचेस पासवर. पण सेमीफायनलचं तिकीट काढलं होतं, आणि जर्सी तर फुकट मिळाली नव्हती ना. तेवढा हक्क द्या.

रंकाळा_एक्सप्रेस

पुण्यामुंबईच्या लोकांचं दुःख वाचून करमणूक झाली. भावा, आमच्याकडं पाटाकडील तालीम दिल्लीला हलवून दाखव म्हणावं कुणाला. नावच पत्ता हाय. पाटाच्या कडंची ती पाटाकडील. पाट नेणार का उचलून? शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, सगळ्या टीमा पेठेच्या नाहीतर तालमीच्या, आणि तालीम म्हंजे नुसता फुटबॉल न्हवं, तिथं आखाडा हाय, गणपती हाय, वर्गणीची पावती हाय, मयताला खांदा द्यायला पण तीच पोरं. शाहू स्टेडियमवर शिवाजी विरुद्ध पीटीएम, म्हंजे पाटाकडील, असली की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेत दुपारनंतर दुकानदाराचं लक्ष गल्ल्यात नसतंय. आमच्या घरी तर आजोळ एका पेठेत आणि घर दुसऱ्या पेठेत, त्यामुळं मॅचच्या दिवशी आई मामाला फोन करत न्हाई, दुसऱ्या दिवशी करती.

आता ऐकून घ्या, सगळं गोड न्हाई. बाहेरनं खेळाडू आणतात, आफ्रिकेतनं पण आणतात, त्यावरनं वाद होतात. समर्थकांची हाणामारी होती, स्पर्धा बंद ठेवायची वेळ येती, पोलीस बंदोबस्त लागतो. ज्याला ‘टीमवर प्रेम नाही’ अशी तक्रार हाय त्यानं एकदा येऊन जादा प्रेम कसं असतंय ते बघून जावं.

आणि तो २०२२ चा कप. हैदराबादच्या टीममध्ये आमचा अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा, २०१७ च्या अंडर सेव्हंटीन वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला. तवा कप कोल्हापूरचा. विषय संपला.

मडगाव_साइड_अप्पर

विषय कसला संपतोय बाबा, तो कप गोव्याचा. मी मडगावात फातोर्डा स्टेडियमवर होतो त्या दिवशी. २० मार्च २०२२, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. आधी हे लक्षात घ्या की कोविडमुळे तो अख्खा सीझन गोव्यात झाला, बांबोळी, वास्को आणि फातोर्डा, म्हणजे हैदराबादने कप जिंकला पण त्या सीझनमध्ये हैदराबादेत एकही मॅच खेळली नाही. फायनलला पहिल्यांदा पूर्ण प्रेक्षक सोडले आणि सगळं स्टेडियम केरळवाल्यांनी भरलं, ट्रेनने, बाइकने, कसे कसे आले देव जाणे, मडगाव स्टेशनपासून पिवळंच पिवळं.

आणि इथे जर्सीचा किस्सा. केरळाचा रंग पिवळा, हैदराबादचा पण पिवळा. हैदराबाद टेबलात वर होतं म्हणून पिवळा त्यांना मिळाला आणि केरळाला काळी जर्सी घालून उतरावं लागलं. विचार करा, स्टँडमध्ये हजारो पिवळे शर्ट आणि मैदानात पिवळे शर्ट घातलेल्यांना तेच लोक शिव्या घालतायत! माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्रिशूरहून आलेले, ते पहिली दहा मिनिटं चुकीच्या टीमसाठी टाळ्या वाजवत होते, मग नातवाने हात धरला. केरळाने गोल केला, ८८ व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल ताव्होराने लांबून हाणलेला बॉल आत, १-१, आणि पेनल्टीजमध्ये त्यांचा गोलकीपर कट्टीमनीने तीन अडवल्या. ताव्होरा गोव्याचा, कट्टीमनी गोव्याचा, ग्राउंड गोव्याचं. आता बोला.

पुणेकरांना चार आणे द्यायला माझी हरकत नाही पण त्या मॅचला एक पण केशरी शर्ट दिसला नव्हता मला.

गंभीरपणे सांगायचं तर आमच्याकडे बहुतेक मोठ्या टीमांना गावाची नावंच नव्हती. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, सगळी घराण्यांची नावं. त्या हिशेबाने या सगळ्यात मालकाच्या टीमा, तरी माझे वडील मरेपर्यंत साळगावकरचे, आणि काका धेंपोचे म्हणून दोघांचं रविवारी जेवण वेगळं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवाने आय-लीग सोडली तेव्हा टीम कुठे गेली नाही, गावातच राहिली, गोव्याची लीग खेळत राहिली. धेंपो तर २०२४ ला परत वर आली. बंद पडणं आणि घर बदलणं यात फरक आहे. मालक रुसून घरात बसला तर परत येऊ शकतो. सामान ट्रकात भरलं की संपलं.

सॉल्टलेकचा_सातारकर

नोकरीमुळे सात वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून एक दुसरी बाजू. २०२० मध्ये एटीके आणि मोहन बागान एकत्र केले, नाव एटीके मोहन बागान. लक्षात घ्या, एटीके म्हणजे २०१४ ला जन्मलेली फ्रँचायझी आणि मोहन बागान १८८९ चा क्लब, १९११ ला अनवाणी खेळून गोऱ्या रेजिमेंटला हरवलेला. रंग हिरवा-मरून तोच ठेवला, लोगोत ती होडी पण ठेवली, सगळं ठेवलं, फक्त पुढे तीन अक्षरं चिकटवली. आमच्या ऑफिसातला एक शांत स्वभावाचा दादा, कधी आवाज चढवत नाही, तो तीन वर्षं दर मॅचनंतर ‘रिमूव्ह एटीके’ लिहायचा, टीम जिंकली तरी. जिंकल्यावर तर जास्तच. मी म्हटलं दादा कप मिळाला ना, तर म्हणे कप दर वर्षी कोणाला ना कोणाला मिळतोच.

२०२३ ला फायनल जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके काढतोय. सुपर जायंट लावलं मागे, पण मागे! दादाने पेढे वाटले (संदेश, पण ठीक आहे). आणि दोन महिन्यांनी ईडनवर लखनऊची क्रिकेट टीम हिरवी-मरून जर्सी घालून उतरली, केकेआरविरुद्ध, कोलकात्यात कोलकात्याच्याच टीमविरुद्ध. त्या दिवशी माझ्या सोसायटीत निम्मे लोक लखनऊचे झाले होते आणि लखनऊ एका रनने जिंकली. गहुंजेवाल्यांनो, त्या मालकांना एका रनचं सुख मिळालं शेवटी, फक्त पुण्याला नाही मिळालं.

गहुंजे_टोलनाका

मीठ चोळलंत.

बरं एक कबुली माझी पण. २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या होम मॅचेस गहुंजेला आल्या. चेन्नईहून स्पेशल ट्रेन भरून फॅन आले, पिवळे शर्ट, शिट्ट्या, वॉटसनने राजस्थानला धुतलं, सेंच्युरी. आदल्या वर्षी ज्या धोनीला पुण्याच्या टीमने कॅप्टनशिपवरून काढलं तोच धोनी पुण्यात ‘होम’ टीमचा कॅप्टन. आणि मी? मी पिवळा टी-शर्ट घालून गेलो होतो. एक्सप्रेसवेच्या कडेला दीडशे रुपयांना घेतला, पहिल्याच धुण्यात बायकोचा पांढरा ड्रेस पिवळा झाला. निष्ठा म्हणून विचाराल तर माझ्याकडे एवढीच.

फ्रीमाँटची_वहिनी

उशिरा बघितला धागा, इकडे सकाळ आहे. मी बे एरियात अठरा वर्षं आहे आणि या विषयावर आमच्या घरी पीएचडी झालीये. ओकलंडच्या तीन टीमा आमच्या डोळ्यादेखत गेल्या. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ ला खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला, ते एक वेळ चालतं, ट्रेनने जाता येतं. अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० ला लास वेगसला. आणि शेवटी बेसबॉलचे एज, म्हणजे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स. लेक तिथेच खेळ शिकली बघून बघून, तिकीट स्वस्त असायचं, स्टेडियम जुनं, नळाला पाणी कधी यायचं कधी नाही, पण मुलांना घेऊन शनिवारी जायला तेवढंच.

@हिशेब_वही तुमचा मुद्दा इथे पण मालकाच्या बाजूचे लोक म्हणायचे, की बघा लोक येतच नाहीत. तर १३ जून २०२३ ला फॅन्सनी उलटा बहिष्कार केला. म्हणजे सगळ्यांनी ठरवून यायचं, आणि हिरवे टी-शर्ट घालायचे ज्यावर एकच शब्द, ‘विका’. टीम विका, हलवू नका. जवळपास २८ हजार लोक आले, एरवी काही हजार असायचे. आम्ही चौघं होतो. आवाजाने लेक घाबरली होती आधी. काही उपयोग झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच. मग सॅक्रामेंटोला एका छोट्या ग्राउंडवर, वेगसचं स्टेडियम होईपर्यंत. आणि सध्या टीमच्या नावात गावच नाहीये. नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. सॅक्रामेंटोत खेळतात पण सॅक्रामेंटोचं नाव लावत नाहीत. भाडेकरू असतात ना, दारावर पाटी न लावणारे, तसं.

पण एक सांगू का, ओकलंडचे लोक रडले तेव्हा मला पण वाईट वाटलं आणि मग नवऱ्याने आठवण करून दिली की ती टीम ओकलंडला १९६८ ला आली ती कॅन्सस सिटीहून, आणि तिथे १९५५ ला आली ती फिलाडेल्फियाहून. जर्सीवर हत्ती असतो, तो फिलाडेल्फियापासूनचा आहे. कोणीतरी टीमला पांढरा हत्ती म्हणून हिणवलं तर यांनी तोच बिल्ला लावला, आणि तो हत्ती चार गावं फिरला. तेव्हा फिलाडेल्फियातल्या कोणा आजोबांनी पण असाच कपाटातून शर्ट काढला असेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. इथे एक उदाहरण आहे जे मला बरोबर वाटतं. क्लीव्हलंडची फुटबॉल टीम, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ब्राउन्स, मालकाने १९९६ ला बाल्टिमोरला नेली. शहर कोर्टात गेलं, भांडलं, आणि तडजोड अशी झाली की खेळाडू न्या, स्टाफ न्या, पण नाव, रंग आणि आजवरचा इतिहास क्लीव्हलंडमध्येच राहणार. बाल्टिमोरवाल्यांनी नवं नाव घेतलं, रेव्हन्स, शून्यापासून सुरू. १९९९ ला क्लीव्हलंडला नवी टीम मिळाली तिने जुनं खातं पुढे चालू केलं. म्हणजे या न्यायाने हैदराबादचा कप तुमचा नाही, चार आणे पण नाही, सॉरी. पण तुमचे पाच सीझन, ती ०-० सेमीफायनल, हे पण हैदराबादचं किंवा दिल्लीचं नाही. ते पुण्यात पडून आहे. फक्त तुमच्याकडे ते कागदावर लिहून घेणारं कोणी नव्हतं.

हिशेब_वही

वहिनींचा मुद्दा मान्य. पण क्लीव्हलंडने आधी भांडण केलं हे विसरू नका. इंग्लंडमध्ये विम्बल्डन फुटबॉल क्लबचं पण तसंच, २००२ ला त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली तर फॅन्सनी स्वतःचा क्लब काढला, पार खालच्या नवव्या पायरीपासून खेळत वर आला, आणि २००७ मध्ये मिल्टन कीन्सवाल्यांनी १९८८ च्या एफए कपसकट जुन्या ट्रॉफ्यांचा वारसा परत दिला. पुण्यात २०१९ ला काय झालं? फेसबुकवर दोन दिवस रडारड आणि मग गणपती आले.

आणि केशरीभाऊ, एक तांत्रिक गोष्ट. दिल्ली डायनामोज २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेली आणि ओडिशा एफसी झाली, पण तिथे मालक तेच होते, म्हणजे ते एकच घराणं. तुमच्याकडे मालकच नवे, त्यामुळे हैदराबादने स्वतःचा जन्म २०१९ चा धरला. तुमचा वारस लावलेलाच नाही. सातबारा कोरा आहे.

जामठा_रिटर्न

थांबा थांबा. दिल्लीची टीम ओडिशाला गेली, पुण्याची हैदराबादला गेली, मग हैदराबादची दिल्लीला आली. संगीतखुर्ची आहे का हे? अन् तो मार्सेलिन्हो पाहा. २०१६ ला दिल्लीकडून गोल्डन बूट, मग पुणे, मग हैदराबाद, मग ओडिशा, अन् त्याच सीझनमध्ये एटीके मोहन बागान. नाव बदललेली, गाव बदललेली, जोडलेली, एकूण एक टीम त्या माणसाने अंगावर घालून पायली. केशरीभाऊ तुमची जर्सी बरोबर माणसाची आहे. टीम सोडा, त्यालाच सपोर्ट करा.

रंकाळा_एक्सप्रेस

हे पटलं आपल्याला.

आणि पोराला कबड्डी दाखव की. पुणेरी पलटण केशरीच हाय, जर्सी चालून जाईल, २०२४ ला चॅम्पियन झाली, २०२५ ला फायनल खेळली. दुसरा शर्ट घ्यायचा खर्च वाचला.

मडगाव_साइड_अप्पर

केशरी म्हणाल तर एफसी गोवा पण केशरीच. शनिवारी रात्रीच्या गाडीत बसवा पोराला, फातोर्ड्यात मी उभा आहे. कप पण दाखवतो, म्हणजे जिथे उचलला ती जागा.

फ्रीमाँटची_वहिनी

त्या अक्षरांचं कोणीच बोललं नाही. डायरेक्ट इस्त्री फिरवू नका, कापड पॉलिएस्टर असतं, चिकटेल आणि चकाकी येईल. जर्सी उलटी नाही, सरळच ठेवायची, आत जाड टॉवेल, वर बटर पेपर, इस्त्री मध्यम, वाफ बंद, आणि घासायची नाही, दाबून धरायची दहा-पंधरा सेकंद. कडा आधी कापसाने पुसून घ्या, जुना डिंक आणि धूळ असते. आमच्या लेकीच्या शर्टावरचा हत्ती असाच दोनदा वाचवलाय.

केशरी_बालेवाडी

सगळ्यांचे आभार, कप सोडला, गोवा आणि कोल्हापूरने आपसात बघून घ्यावं.

ओ सापडला. कपाटाच्या खालच्या फळीला आतून चिकटला होता, चमच्याने खरवडून काढला. बटर पेपर घालून काल रात्री बसवला, जरा तिरका बसलाय पण पक्का आहे. आज संध्याकाळी साहेब तीच घालून खाली खेळायला गेले, बेल्टने कमरेला बांधून. वॉचमन काका म्हणाले अरे ही तर बालेवाडीची टीम, मी तिथे गेटवर ड्युटी केलीये दोन वर्षं. मग अर्धा तास पोरगा खेळायचं सोडून त्यांच्याशीच बोलत होता, वर येऊन मला सांगतोय हृतिक रोशनची गाडी कुठल्या गेटने आत जायची.

आणि कबड्डीचं बघितलं मी. २०२५ च्या सीझनला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. पुण्यात एकही मॅच नव्हती. त्याला अजून सांगितलेलं नाही.